आधी श्वास

पुण्यात कुणी गाव विचारलं की मी ‘सुरगाणा’ म्हणते, समोरच्याचा चेहरा कोरा दिसतो, मग मी ‘सापुताऱ्याच्या अलीकडे’ असं सांगते. सापुतारा गुजरातचा, पण तो सगळ्यांना माहीत असतो. जाता-येता रस्त्यावर ज्या स्ट्रॉबेरी घेतल्या त्या आमच्या तालुक्यातल्या होत्या, हे मात्र कुणाच्या गावी नसतं. नाशिक जिल्हा म्हटलं की लोकांना द्राक्षं आणि कुंभमेळा आठवतो. आमच्याकडे भात, नागली, वरई, चार महिने कोसळणारा पाऊस आणि तरीही मार्चपासून हंड्यांच्या रांगा. नाशिक शहर ९० किलोमीटरच्या आसपास, मध्ये घाट. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवरच्या काही गावांनी ‘आम्हाला गुजरातेत घ्या’ अशी मागणी केली होती. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर त्याचं मीम फिरलं. त्या मागणीमागे रस्ते होते, पाणी होतं आणि दवाखाना होता. घरी फोन केला तेव्हा आई म्हणाली, “चुकीचं काय बोलले?”

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एखादी रिक्वेस्ट किती मिलिसेकंदात परत येते यावर आमच्याकडे तासभर मीटिंग चालते. त्यामुळे अंतर मी किलोमीटरमध्ये कमी आणि वेळेत जास्त मोजते. श्वास आणि रक्ताभिसरण थांबलं की मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते. महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्या घेऊन. ती आमच्या भागात खरोखर उपयोगी पडली आहे, बाळंतपणाला, सर्पदंशाला. पण चार मिनिटांत ती आमच्या पाड्यावर पोचणार नाही. आणि खरं सांगायचं तर हिंजवडीच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्येही पोचणार नाही. पहिल्या चार मिनिटांपुरतं बघितलं तर माझ्या ऑफिसात आणि माझ्या पाड्यात रस्त्याचा फरक उरत नाही. उरतो तो एवढाच, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काय करायचं ते येतं की नाही.

हे मी एवढ्या थंडपणे लिहिते आहे, कारण लिहायला घेऊन मध्ये बराच काळ गेला.

२०२३ च्या पावसाळ्यात माझ्या चुलत भावाचा मुलगा शेततळ्यात पडला. चार वर्षांचा होता. शेततळं म्हणजे खड्ड्यात काळा प्लास्टिक कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरतं, आणि एकदा पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. सगळे भाताच्या आवणीत होते. शोधाशोध करून त्याला बाहेर काढलं, तेव्हा तो पाण्यात किती वेळ होता हे कुणालाच सांगता येईना. शेजारच्या माणसाने त्याला पाय धरून उलटं केलं, गरागरा फिरवलं. मग खांद्यावर पोट टेकवून पळत गेला. तोंडातून भरपूर पाणी आलं आणि सगळ्यांना वाटलं, आता सुटला. जीप मिळेपर्यंत, दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तास. तिथल्या डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केले. नाही झालं.

मी हे फोनवर दोनदा ऐकलं, एकदा काकूकडून आणि एकदा भावाकडून. भाऊ सारखा एकच सांगत होता, “पाणी तर सगळं काढलं होतं ना.”

बुडालेल्याचं पाणी काढायचं असतं हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. सिनेमात हिरॉईनच्या पोटावर दाबतात आणि कारंजं उडतं. पण जे पाणी बाहेर येतं ते बहुतेक पोटातलं असतं. फुप्फुसात गेलेलं पाणी सहसा थोडं असतं, ते काढायची गरज नसते. पोट दाबल्याने उलट पोटातलं घशात येऊन फुप्फुसात जायची भीती. त्या वेळी मुलाला हवी असते फक्त हवा. पाड्यावरच्या कुणालाही मी दोष देत नाही. त्यांनी त्यांना जे माहीत होतं ते जीव तोडून केलं. शिवाय हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं, चार वर्षं इंजिनीअरिंग करून.

मला ते कळलं ते पुढच्या वर्षी, कंपनीच्या सेफ्टी वीकमध्ये. कॉन्फरन्स रूममध्ये मोठ्या माणसाचा अर्धा पुतळा ठेवला होता. टी-शर्ट मिळणार म्हणून गर्दी होती. शिकवणारे गृहस्थ अनेक वर्षं रुग्णवाहिकेवर काम केलेले. छातीच्या मधोमध, दोन्ही हात, मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोरात, थांबायचं नाही. तोंडाने श्वास द्यायची गरज नाही. भारतात सामान्य माणसाला हेच शिकवतात. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये ही ‘फक्त छाती दाबा’ पद्धत मांडली, कारण परक्याच्या तोंडाला तोंड लावायचं या विचारानेच लोक मागे सरतात आणि मग काहीच करत नाहीत. विचार बरोबर आहे. पन्नाशीचा माणूस लिफ्टसमोर कोसळला तर हेच करायचं.

मी हात वर केला. म्हटलं, चार वर्षांचा मुलगा असेल आणि पाण्यातून काढला असेल तर?

त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मग सगळं बदलतं. आधी श्वास.”

चहाच्या वेळी त्यांनी मला समजावलं ते असं. मोठ्या माणसात पुष्कळदा हृदयच अचानक बंद पडतं. त्या क्षणापर्यंत तो श्वास घेत असतो, म्हणजे रक्तात ऑक्सिजन शिल्लक असतो. छाती दाबून तेच रक्त फिरवत राहिलं तरी पहिली काही मिनिटं निभावतात. लहान मुलाचं हृदय सहसा धडधाकट असतं. त्याचा आधी श्वास बंद होतो, बुडून, घशात काही अडकून, न्यूमोनियाने, किंवा सर्पदंशाने स्नायू लुळे पडून. मग रक्तातला ऑक्सिजन संपत जातो, हृदय मंद होतं आणि सगळ्यात शेवटी थांबतं. तोपर्यंत रक्त रिकामं झालेलं असतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये विहीर आटली की मोटर सुरू करून काही मिळत नाही, नुसता घरघर आवाज येतो, तसंच. आधी विहिरीत पाणी हवं.

त्या रात्री मी जे वाचायला बसले ते पुढे कित्येक महिने चाललं. जपानमध्ये २००५ ते २००७ या काळात दवाखान्याबाहेर हृदय थांबलेल्या ५,१७० मुलांची नोंद तपासली होती, ‘लॅन्सेट’मध्ये २०१० साली आली. ज्यांचं हृदय इतर कारणांनी, म्हणजे बुडणं, गुदमरणं अशांनी थांबलं, त्यांत छाती दाबण्याबरोबर श्वासही मिळालेल्या मुलांपैकी ७.२ टक्के मेंदू शाबूत राहून वाचली. फक्त छाती दाबलेल्यांपैकी १.६ टक्के. दोन्ही आकडे लहान आहेत, मान्य. तरीही मी त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत बसले होते. काहीच न करण्यापेक्षा नुसती छाती दाबणं चांगलं, ते विसरू नका.

श्वास द्यायचा म्हणजे काय, ते इथे लिहूनच टाकते, पण वाचून शिकता येत नाही हे धरून वाचा. हाक मारायची, हलवायचं. श्वास नसेल तर ओरडून माणसं बोलवायची, कुणाला तरी १०८ लावायला सांगायचं. कपाळावर एक हात, हनुवटी वर उचलायची. नाक चिमटीत धरायचं, अगदी तान्हं असेल तर नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडात. हळू फुंकायचं, फुगा फुगवल्यासारखं नाही, छाती वर येताना दिसेल एवढंच. पाण्यातून काढलेल्या मुलाला सुरुवातीलाच श्वास द्यायचे, युरोपातल्या पद्धतीत ५, अमेरिकेतल्या पद्धतीत २. मग छाती, जाडीच्या एक तृतीयांश खोल, ३० वेळा. मग २ श्वास. पुन्हा ३०. मदत येईपर्यंत किंवा मूल हलेपर्यंत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रात तान्ह्या बाळाची छाती दोन बोटांनी दाबताना दाखवतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५ च्या नियमांत ते काढून टाकलं, आता दोन अंगठे किंवा तळहाताची टाच. दोन बोटांनी पुरेसं खोल दाबलं जात नाही.

वाचताना मला एक जुनी गोष्ट सारखी आठवत होती. २०१९ मध्ये वहिनीचं बाळंतपण आमच्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झालं. मी दाराबाहेर होते. बाळ बाहेर आल्याचं आतल्या गडबडीवरून कळलं, पण रडण्याचा आवाज आला नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, एक मिनिट असेल. मग मांजरीसारखा एक आवाज, मग दणकून रडणं. माझी भाची आता पहिलीत जाते, शिक्षकांना उलट उत्तरं देते. आत काय झालं ते सिस्टरांना मी तेव्हा विचारलंच नव्हतं. मुलगी झाली, पेढे वाटले, संपलं.

पाच वर्षांनी मुद्दाम जाऊन विचारलं. त्या आता दुसऱ्या केंद्रावर आहेत. त्यांना अर्थातच ते बाळ आठवत नव्हतं. पण काय केलं असेल ते त्यांनी सांगितलं. पुसलं असेल, पाठ चोळली असेल, नाही रडलं म्हणून अंबू बॅग लावली असेल. “पहिल्या मिनिटात बॅग लागली पाहिजे. बाकी काही नसलं तरी चालतं.”

आमच्या आजीच्या काळात यातलं निम्मं होतं. बाळ रडलं नाही की सुईण थाळी वाजवायची, गार पाणी शिंपडायची, सुपाने वारा घालायची. हे अडाणीपणाचं म्हणून हसण्यासारखं नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवजात बाळासाठी कानाजवळ दगडावर दगड वाजवायला, तोंडावर पाणी शिंपडायला आणि सुपाने वारा घालायला सांगितलं आहे. आणि ते काही बाळांवर चालतंही. ऑक्सिजन कमी पडल्यावर बाळाचा श्वास एकदा थांबतो, तेव्हा त्याला चोळलं, डिवचलं तर तो परत सुरू होतो. पण ती वेळ निघून गेली की तो दुसऱ्यांदा थांबतो, आणि मग थाळी काय, ढोल वाजवला तरी बाळ उठत नाही. त्याच्या फुप्फुसात बाहेरून हवा घालावी लागते. कुठलं बाळ कुठल्या टप्प्यावर आहे हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून मिनिटभराच्या वर चोळत बसायचं नाही.

हे काम गावातल्या बायका करू शकतात हे गडचिरोलीत सिद्ध झालं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका. बाळंतपणं घरीच होत होती, तेव्हा त्या घरीच जात. आधी सुईणी तोंडाने श्वास देत. पुढे आरोग्यदूतांच्या हाती नळीचा मास्क आला, १९९९ पासून बॅग आणि मास्क. १९९५ ते २००३ या काळात गंभीर गुदमरलेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, त्यामुळे आशांच्या पिशवीत बॅग-मास्क नसतो. २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात हे शिक्षण दवाखान्यातल्या सिस्टरांना देतात.

सीमेपलीकडे बेळगावातही असाच एक प्रयोग झाला, तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या लोकांनी केला. ग्रामीण आरोग्य केंद्रांपासून शहरी रुग्णालयांपर्यंत ५९९ जणांना हे पहिलं मिनिट शिकवलं. नुकतंच दगावलेलं, म्हणजे ‘मृत जन्मलं’ म्हणून नोंदलं जाणाऱ्या बाळांचं प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आलं. मला यात सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? नंतरच्या दिवसांतले बालमृत्यू वाढले नाहीत. म्हणजे ही बाळं नुसती पुढे ढकलली गेली नाहीत. आधी ज्यांना मेलेली समजून बाजूला ठेवत असत, त्यांतली काही मेलेली नव्हतीच.

सिस्टरांनी टेबलाखालच्या खोक्यातून एक बाहुली काढून दाखवली. रबराची, आत पाणी भरायची, म्हणजे हातात घेतली की खऱ्या बाळाएवढी जड लागते. “बाळंतपण नसेल तेव्हा हिच्यावर करते. दर सोमवारी पाच मिनिटं. हात विसरतात.” हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचा स्वतःचाच शिरस्ता.

या बाहुल्यांची एक गोष्ट आहे. नॉर्वेत ओसमुंड लेरडाल नावाचा खेळणी बनवणारा होता. त्याचा दोन वर्षांचा मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला, बापानेच त्याला बाहेर काढून श्वास मोकळा केला. पुढे डॉक्टर मंडळी त्याच्याकडे आली, तोंडाने श्वास द्यायचा सराव करता येईल असा पुतळा कर म्हणून. १९६० मध्ये त्याने तो केला. आमच्या कॉन्फरन्स रूममधला पुतळा त्याच्याच वंशातला. आणि सिस्टरांच्या खोक्यातली पाणी भरायची बाहुलीही त्याच कंपनीने पुढे गरीब देशांसाठी काढलेली.

पाच मिनिटांचं महत्त्व टांझानियातल्या हायडोम नावाच्या एका खेड्यातल्या रुग्णालयात मोजलं गेलं. २०१० मध्ये तिथे सगळ्यांना एक दिवसाचं ट्रेनिंग दिलं. परीक्षेत, म्हणजे बाहुलीवर, सगळे छान पास झाले. प्रसूतिगृहात मात्र काही फरक पडला नाही. २०११ मध्ये त्यांनी दुसरं केलं, बाहुली प्रसूतिगृहातच ठेवली आणि दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा सराव सुरू केला. पहिल्या २४ तासांतले मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. ज्यांनी कुठलीही सर्टिफिकेट परीक्षा आदल्या रात्री वाचून पास केली आहे, त्यांना हे समजावायची गरज नाही.

सरावाने सगळंच सुटतं असं मात्र नाही. अमेरिकेत मुलांच्या १८ अतिदक्षता विभागांत २०१६ ते २०२१ असा मोठा प्रयोग झाला, पलंगाशेजारी नियमित सराव आणि प्रत्येक घटनेनंतर चर्चा. वाचणाऱ्या मुलांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण तिथे अर्ध्याहून जास्त मुलं आधीच वाचत होती, शेजारी यंत्रं होती, सेकंदात माणसं हजर होती. आमच्याकडे सुरुवात शून्यापासून आहे.

ऑफिसातल्या मित्रांनी ऐकल्यावर लगेच विचारलं, ॲप करूया का? मी नको म्हटलं. ओल्या हाताने, चिखलात, मूल समोर पडलेलं असताना कोण फोन उघडेल, आणि आमच्या पाड्यावर रेंज टेकडीवर चढल्यावर येते. आम्ही पाच जणांनी पैसे काढून दोन पुतळे घेतले, एक तान्ह्या बाळाचा, एक मोठ्या मुलाचा. माझी आत्या आशा आहे, ते तिच्या घरी कपाटावर असतात. महिन्याच्या एका रविवारी सिस्टर येतात, जमेल तेव्हा मी येते.

पहिल्यांदा बायका आल्या, पदर तोंडाला लावून हसत बसल्या. एका म्हातारीने विचारलं, “मेलेल्याच्या तोंडाला तोंड लावायचं?” आत्या म्हणाली, “तुझा नातू असला तर?” म्हातारी काही बोलली नाही, पण पुढच्या महिन्यात आली. माझ्या लक्षात न आलेली एक गोष्ट आत्याने सांगितली. आवणीच्या दिवसांत सगळी मोठी माणसं शेतात असतात, दिवाळीनंतर अर्धा पाडा द्राक्षाच्या कामाला निघून जातो. तळ्याजवळ पहिल्यांदा पोचणार ती आठ-दहा वर्षांची बहीण, कडेवर धाकट्याला घेऊन फिरणारी. त्यामुळे आता मुलांचा वेगळा गट असतो. त्यांना पहिली गोष्ट शिकवायची ती पाण्यात उडी मारायची नाही. दोर, साडी, रिकामा कॅन, जे असेल ते फेकायचं आणि ओरडायचं. दहा वर्षांच्या मुलीला छाती पुरेशी खोल दाबता येत नाही, पण श्वास अगदी बरोबर देता येतो, आमच्यापेक्षा चांगला. मोठी माणसं फार जोराने फुंकतात.

शेततळ्यांना कुंपण घालायचं काम यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, हे मला कळतं. चार तळ्यांना झालं. बाकीच्यांचं खांब आणि जाळीच्या पैशावर अडलं आहे. प्रत्येक तळ्यात एका कोपऱ्यातून गाठी मारलेला दोर सोडला आहे, वर यायला.

पहिलं कुंपण माझ्या चुलत भावाने घातलं, कुणी न सांगता. सरावाला मात्र तो येत नसे. आत्याच्या ओट्यावर पुतळा मांडला की तो बैल घेऊन दुसऱ्या वाटेने जायचा, आणि कुणी त्याला काही म्हणत नव्हतं. गेल्या जूनमध्ये, पेरणीच्या आधी, आला. मागे भिंतीला टेकून उभा राहिला. सगळ्यांचं झाल्यावर पुढे येऊन बसला. मोठ्या मुलाचा पुतळा त्याने आधी सरळ करून ठेवला, मानेखाली हात घालून, झोपलेल्या मुलाला उचलतात तसा. हनुवटी वर केली. फुंकलं, छाती वर आली नाही. सिस्टर म्हणाल्या, “मान अजून थोडी मागे, दादा.” त्याने केली. दुसऱ्या वेळी आली. पाच श्वास, मग तीस, मोठ्याने मोजत, मग दोन. चार वेळा केलं. घामाने भिजला होता.

“परत करू?” त्याने विचारलं. सिस्टर म्हणाल्या, करा.